एका तालुक्यात चार चर्च: विदर्भातल्या मंडळ्या, त्यांचे फाटे आणि चालीरीती

वर्धाकाठची

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचं, सासर चांदा म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडचं. मधून वर्धा वाहते, एसटीने तासाभराचं अंतर. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्हीकडे मराठीच बायबल, तेव्हा लग्नात या बाबतीत कुणी काही विचारलंच नाही. पहिल्या रविवारी सासरच्या चर्चमध्ये गेले आणि गडबडले.

माहेरचे पाळक शर्ट-पँटवर उपदेश करायचे, फार तर नाताळला कोट. प्रार्थना मनाने, ओठांवर येईल तशी. लांबली तर लांबली. आजी एक डोळा किलकिला करून घड्याळ बघायची. सासरी पाळकांच्या अंगात पांढरा झगा, गळ्यात स्टोल म्हणजे लांब पट्टा, आणि सणागणिक स्टोलचा रंग वेगळा. हातात प्रार्थनेचं पुस्तक. एक ओळ ते म्हणणार, पुढची मंडळीने म्हणायची. कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, काही ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या कोपरखळ्यांवर दिवस काढले.

नवऱ्याला विचारलं तर, 'तुम्ही फ्री मेथडिस्ट, आम्ही सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया)' एवढंच. म्हणजे काय, हे त्यालाही सांगता येईना. मग मीच वाचत गेले.

मेथडिस्ट चळवळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने सुरू केली, ती अमेरिकेत पसरली. १८५० च्या आसपास न्यूयॉर्क राज्यातल्या मेथडिस्ट चर्चांमध्ये बसायची बाकं भाड्याने द्यायची पद्धत रुळली होती. पैसेवाला पुढे, गरीब मागे. बी. टी. रॉबर्ट्स या पाळकाने त्यावर टीका केली, गुलामगिरीविरुद्धही तो बोलत होता. १८५८ मध्ये त्याला काढून टाकलं आणि १८६० मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन बाकं सगळ्यांना मोकळी असलेली नवी मंडळी काढली. तीच ही फ्री मेथडिस्ट. तीच पुढे यवतमाळला आली. आमच्या माहेरच्या चर्चमध्ये मात्र बाकंच नव्हती! दऱ्या अंथरायच्या, बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे.

मग यवतमाळला मेथडिस्ट आणि नदीपलीकडे दुसरेच, असं का? तर मिशनांनी आपसात प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने शिरायचं नाही, असा समझोता. ढोबळ नकाशा असा निघतो: नागपूर आणि भोवतालचा भाग स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडे, चांदा स्कॉटिश एपिस्कोपल चर्चकडे, यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे, अकोला-अमरावती-खामगाव हा पट्टा अमेरिकेच्या अलायन्स मिशनकडे, बुलढाणा-वाशीम नाझरीन चर्चकडे (वाशीम आधी दुसऱ्या मेथडिस्टांकडे होतं), मेळघाटात कोरकूंसाठी निघालेलं वेगळंच मिशन. कॅथलिक या वाटपात नव्हतेच, त्यांचा कारभार निराळा.

थोडक्यात, विदर्भातलं ख्रिस्ती घर अमुक पंथाचं आहे ते बहुतेक वेळा पूर्वजांनी धर्मशास्त्राचा खल करून ठरवलेलं नाही. त्यांचं गाव ज्याच्या हद्दीत पडलं, तो त्यांचा पंथ. भांडणं स्कॉटलंड-अमेरिकेतली, वारसदार आपण.

तुमच्या गावाकडे कोणतं चर्च होतं, काय चाली होत्या, ते लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा, मिशनच्या शाळा-दवाखान्यांत सगळेच जायचे.

---

निवांत_पाटील

वा ताई, मस्त धागा काढला. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण आमची माय उमरीच्या मिशन दवाखान्याचं नाव काढल्याबिगर बाळंतपणाची गोष्टच सांगत नसे. बैलगाडीनं नेत होते म्हणे. दवाखान्यात पहिले प्रार्थना होये, मंग गोळ्या भेटत. माय म्हणे, 'प्रार्थनेनं काही बिघडलं नाही आन् गोळीनं गुण आला.' तिचा हिशोब साधा होता राजेहो.

---

चांदा_किल्ला

नकाशा बरोबर आहे, पण 'स्कॉटलंड' म्हणून दोन्ही एका पोत्यात भरू नका. नागपूरवाले आणि चांद्यावाले दोघेही स्कॉटिश, आणि त्यांचं एकमेकांशी पिढ्यान् पिढ्या पटत नव्हतं.

स्कॉटलंडमध्ये १५६० मध्ये धर्मसुधारणा झाली. पुढचं सव्वाशे वर्षांचं भांडण एका प्रश्नावर: चर्चला बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा एक प्रमुख, हवा की नको? प्रेस्बिटेरियन म्हणायचे, नको, वडीलमंडळाने कारभार पाहावा. राजाला बिशप हवे होते, कारण बिशप नेमले की चर्च मुठीत. १६३७ मध्ये एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये राजाने लादलेलं नवं प्रार्थनेचं पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने वाचणाऱ्याच्या डोक्यावर स्टूल फेकून मारलं, अशी आख्यायिका आहे. शेवटी १६९० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन जिंकले. बिशपवाले अल्पसंख्य उरले, तेच स्कॉटिश एपिस्कोपल.

आता तुमच्या सासरचं बघा. पुस्तक, झगा, गुडघे टेकणं हे सगळं एपिस्कोपल घराण्याचं. नागपूरकडच्या जुन्या प्रेस्बिटेरियन घरांत आजही उपासना जरा सुटसुटीत वाटते. तुमच्या सासूबाईंची कोपरखळी थेट १६३७ पासून चालत आलेली आहे :)

---

वर्धाकाठची

@चांदा_किल्ला, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'मी असते तर स्टूल नाही फेकलं, सरळ बसायला लावलं असतं.'

---

हिस्लॉपियन

नागपूरवाले म्हणून आमचाही हात लागू द्या. इथे जे आले ते नुसते प्रेस्बिटेरियन नव्हते, 'फ्री चर्च'वाले होते. स्कॉटलंडमध्ये गावचा पाळक कोण, हे तिथला जमीनदार ठरवायचा. मंडळीला तो नको असला तरी माथी मारला जायचा. याला कंटाळून मे १८४३ मध्ये चारशेहून जास्त पाळक सरकारी चर्चमधून उठून बाहेर पडले. घर, पगार, चर्चची इमारत, सगळ्यावर पाणी सोडून. आपल्याकडची पाटीलकी-वतनदारीची भांडणं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. माणूस अफाट. शाळा काढली, गोंडांच्या कथा-गाणी लिहून घेतली, आणि हातोडा घेऊन विदर्भभर दगड फोडत हिंडले. चांद्याकडच्या मांगलीला त्यांना प्राचीन उभयचराची कवटी मिळाली, ती लंडनला रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने अभ्यासली. ४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला जुनी शिलावर्तुळं बघायला गेले होते. परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात बुडाले. वय ४५. गोंडांवरचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ मध्ये, म्हणजे ज्याच्या नावाने ते आहे त्याने ते कधी पाहिलंच नाही.

धर्मप्रसारक म्हणून त्यांच्या हाती फार काही लागलं नाही असं माझं मत. दगडांनी त्यांना जास्त साथ दिली.

---

स्पष्टवक्ता_७१

गोड गोड चाललंय. धर्मांतराबद्दल कुणीच बोलणार नाही का? नियोगी समितीचा अहवाल वाचा.

---

वर्धाकाठची

वाचलाय. नागपूर मध्यप्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये नेमलेली ती समिती. अध्यक्ष भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. १९५६ ला अहवाल आला, त्यात धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा अशी शिफारस होती. तो एक मोठा आणि खरा विषय आहे, त्यावर चर्चमध्येही दोन मतं होती आणि आहेत.

पण घरचं सांगते. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ इथे पडले. माझ्या सासऱ्यांचे आजोबा त्यातल्या दुसऱ्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात आले. वय अंदाजे सहा, आई-बाप कोण ते सांगता येत नव्हतं. त्यांना कुणी आमिष दाखवलं की जगवलं, यावर आमच्या घरात जेवताना वाद होतात. सासरे म्हणतात जगवलं. माझा दीर म्हणतो दोन्ही. मला दिराचं पटतं. याहून पुढे जायचं तर दुसरा धागा काढा, मी येईन तिथे.

---

मोर्णाकाठ

आम्ही अकोल्याकडचे, अलायन्सवाले. आमच्या चर्चच्या भिंतीवर चार चिन्हं रंगवलेली असत: क्रूस, हौद, तेलाचं भांडं, मुकुट. लहानपणी मला ती निवडणुकीची चिन्हं वाटायची. अर्थ असा की ख्रिस्त तारणारा, शुद्ध करणारा, बरं करणारा आणि परत येणारा राजा. ए. बी. सिम्पसन हा मूळचा कॅनडाचा प्रेस्बिटेरियन पाळक, त्याने १८८७ मध्ये या कामाला आकार दिला.

आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा नाही, फक्त समर्पण. पाळक बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून, आणि अख्खं बुडवून. माझा झाला तो शेतातल्या विहिरीशेजारच्या हौदात. मार्च महिना, बाहेर ऊन मरणाचं आणि पाणी बर्फासारखं. पाळकांनी 'पित्याच्या, पुत्राच्या' म्हटलं आणि मी 'पवित्र आत्म्याच्या' यायच्या आधीच वर आलो. पुन्हा दाबलं. मळेवाला मोटारपंप बंद करून काठावर उभा राहून बघत होता, नंतर म्हणाला, 'भाऊ, पुढच्या टायमाले सांगजा, हौद घासून ठेवीन.'

---

प्रश्नचिन्ह

माझा बाळबोध प्रश्न. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, मग ईस्टर दरवर्षी का हलतो?

---

पंचांगवाला

कारण तो चंद्रावर चालतो, आपल्या सणांसारखा. वल्हांडणाच्या यहुदी सणाशी तो जोडलेला आहे आणि तो सण पौर्णिमेचा. नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यातच पडतो. ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा, हे ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेत ठरलं.

आपल्या कालनिर्णयाशी लावून बघा. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ ला. २०२४ ला होळीची पौर्णिमाच २१ मार्चच्या पुढे गेली, म्हणून धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ ला. त्या वर्षी हनुमान जयंती मागून आली. २०२५ ला चर्चच्या गणिताने पौर्णिमा १३ एप्रिलला, नेमकी रविवारी, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, २० ला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांची जुनी दिनदर्शिका १३ दिवस मागे चालते, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुतेकदा वेगळा. २०२५ ला मात्र दोघांचा एकाच दिवशी आला.

---

कोळशाचा_काळा

बल्लारपूरचा आहे. आमच्याकडचे कॅथलिक तुमच्या नकाशात कुठेच बसत नाहीत. १९६२ मध्ये चांद्याचा मुलूख केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे दिला गेला. तोवर या लोकांना केरळबाहेर आपल्या पद्धतीने काम करायला वावच नव्हता, सगळीकडे लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीचे, बिशप. केरळबाहेर त्यांना मिळालेला हा पहिला मुलूख. १९७७ ला त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला.

ते स्वतःला इ.स. ५२ मध्ये केरळात आलेल्या संत थोमाचे वारस मानतात. पोर्तुगिजांनी १५९९ च्या उदयंपेरूरच्या सभेत त्यांच्या जुन्या सिरियाक (पश्चिम आशियातली जुनी ख्रिस्ती भाषा) चाली मोडून लॅटिन वळण लावलं. १६५३ मध्ये मट्टनचेरीला क्रुसाला दोर बांधून, तो धरून लोकांनी जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांविरुद्ध शपथ घेतली. तिथून फाटे फुटले. काही रोमकडे परतले, त्यातले हे.

गंमत आमच्या खाणीच्या वसाहतीत. मिस्सा मराठीत, चाल सिरियाक वळणाची, फादर केरळचे, आणि वाजवणारे पोट्टे आमचे झाडीपट्टीतले. नाटकात ढोलकी वाजवणारा तोच पोरगा नाताळच्या रात्री चर्चमध्ये. एकदा त्याने सवयीने मध्येच लावणीचा ठेका धरला. फादरना काही कळलं नाही, मागच्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या.

---

सदर_बाजार

हे सगळे फाटे वाचून कुणी विचारेल, जोडायचा प्रयत्न झाला की नाही? झाला, आणि तो नागपुरातच. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा चर्च एकत्र आली: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मिळून आधीच झालेलं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चाललेली, म्हणजे ४१ वर्षं. आपल्याकडे भावकीच्या वाटणीलाही एवढी लागत नाहीत (लागतात, पण ती मोडायला).

अडलं दोन ठिकाणी. पहिलं बिशप. प्रेस्बिटेरियनांना बिशप पचत नव्हता, अँग्लिकनांना बिशपाशिवाय चर्च पचत नव्हतं. तोडगा: बिशप राहील, पण तो निवडलेला आणि घटनेच्या चौकटीतला, आणि सगळ्या चर्चांच्या पाळकांवर नव्याने हात ठेवून प्रार्थना करायची, म्हणजे आधी कोण खरा पाळक होता आणि कोण नव्हता हा विषयच काढायचा नाही. दुसरं बाप्तिस्मा. बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत, बाकीचे मानतात. तिथे दोन्ही पद्धती ग्राह्य ठरवल्या, घरच्यांनी निवडावं. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. तत्त्वाचा गुंता तसाच ठेवून माणसं एका ताटात जेवायला बसली.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत होते, अगदी ऐनवेळी मागे फिरले. फ्री मेथडिस्ट, अलायन्स, नाझरीन या एकीत आलेच नाहीत. म्हणून धागाकर्तीला वर्धा ओलांडताना अजून फरक जाणवतो. चांदा-नागपूर एका छत्राखाली आले, यवतमाळ-अकोला-वाशीम बाहेर राहिले. शिक्षणात मात्र बाहेरच्यांनीही एकी केली होती: यवतमाळला १९५३ ला युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली, अनेक पंथांचे पाळक तिथे एकत्र शिकले. १९८३ ला ती पुण्याला गेली.

---

वर्धाकाठची

@सदर_बाजार, हे फार कामाचं लिहिलंत.

मला एक जोडायचं आहे. पुस्तकं, झगे, बिशप हे सगळं बाहेरून आलं, त्यात आम्ही वेगळे. पण इथे जे रुजलं त्यात माहेर-सासर एकच आहे. गाणी बघा. जुने प्रेस्बिटेरियन वाद्याशिवाय फक्त स्तोत्रं गाणारे, फ्री मेथडिस्टांकडेही सुरुवातीची बरीच वर्षं उपासनेत वाद्याला मनाई. आज दोन्हीकडे पेटी, ढोलकी, झांजा. आणि गाणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, अभंग-ओवीच्या चालीवर. टिळक नागपूरला राहत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ओळी सुरू झाल्या की कोण कुठल्या मिशनचा ते ओळखू येत नाही.

दुसरं, पहिल्या उत्पन्नाचा सण. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन घरात आलं की एका रविवारी जो तो शेतातलं घेऊन येतो. वेदीसमोर पायलीभर ज्वारी, तुरीच्या शेंगा, कापसाचं गाठोडं, भोपळे, टोपलीखाली कोंबडा (तो उपदेशाच्या मध्ये आरवतोच). उपासना संपली की अंगणात लिलाव. पुकारा करणारा माणूस ठरलेला, आणि तो गावातला सगळ्यात चावट असावा लागतो. दहा रुपयांचा दुधी ऐंशीला जातो, घेणारा तो परत वेदीला देतो, पुन्हा पुकारा, यंदा एकच दुधी चार वेळा विकला गेला. शेवटी मास्तरीणबाईंनी तो पिशवीत घातला आणि म्हणाल्या, 'आता पुरे, याची भाजी होऊ द्या.' त्या पैशातून पाळकांचा पगार आणि चर्चचं वीजबिल.

तिसरं, नाताळची नानकटाई. मैदा, पिठीसाखर, तूप घरून घेऊन बेकरीवर नंबर लावायचा. रात्री दोनपर्यंत बाया भट्टीपाशी बसून, आपल्या ट्रेवर चुन्याने खूण करून. त्या रांगेत कॅथलिक, मेथडिस्ट, सी.एन.आय. सगळ्या, भांडण फक्त ट्रे कुणाचा यावरून.

---

निवांत_पाटील

तो चावट पुकारा आमच्या गणपतीच्या लाडूच्या लिलावाले पाठवा बरं. आमचा पुकारावाला लय सज्जन आहे, लाडू दोनशेच्या वर जातच नाही.

---

मोर्णाकाठ

शुभ शुक्रवारच्या 'सात उद्गारां'बद्दल, म्हणजे येशूने क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवरच्या उपदेशांबद्दल, कुणी लिहिलं नाही. बारा ते तीन, एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि सात वक्ते. प्रत्येकाला दहा मिनिटं दिलेली. पहिला तीस घेतो. सातव्याच्या वाट्याला प्रार्थना आणि माफी.

---

अभिलेख

मी जुन्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणून एक विनंती. गावोगावच्या मंडळ्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं आहेत. दुष्काळात आलेल्या मुलांच्या नोंदीत कधी मूळ गाव, कधी जात, कधी आणणाऱ्याचं नाव असतं. पुष्कळ घरांना आपला मागचा पत्ता तेवढाच. ही रजिस्टरं बहुतेक ठिकाणी लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या भरवशावर पडलेली आहेत.

---

वर्धाकाठची

@अभिलेख, आमच्याकडचं सर्वात जुनं रजिस्टर वाळवीने एका कोपऱ्यातून खाल्लंय. मंडळीच्या पंचांकडे फोटो काढायची परवानगी मागितली आहे, दोघे हो म्हणतात, एकजण म्हणतो आधी लॅमिनेशन करून घेऊ.

---

अभिलेख

लॅमिनेशन अजिबात नको! प्लॅस्टिक एकदा कागदाला चिकटलं की सुटत नाही, आत कागद पिवळा पडून मरतो. चिकटपट्टीही लावू नका. रजिस्टर कपाटातून काढून सावलीत, पंख्याखाली नाही, एक दिवस मोकळं ठेवा. पानं मऊ ब्रशने झटका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाईल सरळ वर धरून पानापानाचा फोटो काढा. कोऱ्या पानाचाही, क्रम तुटत नाही. मग सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब ठेवा. तिसऱ्या पंचांना माझा निरोप सांगा. ऐकले नाहीत तर सासूबाईंना पाठवा.